पत्रिका आहे, कार्ड कुठंय?

शनिवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला की समजायचं, ताई. डॅलसला तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ असते. तिचं जेवण उरकलेलं असतं आणि आपली पहिली साखरझोप मोडायला ती मोकळी असते.

"अरे, या वीकेंडला देवपूरला जातोयस ना?"

"हो, रात्रीच्या गाडीने. का गं?"

"आईच्या कपाटात छोटूचं लसीकरणाचं कार्ड आहे का बघ. असलं तर फोटो नको काढू नुसता, नीट स्कॅन कर. शाळेत अडलंय."

आता माझा हा भाचा, छोटू, म्हणजे पावणेसहा वर्षांचं धूड. दोनच महिन्यांपूर्वी जिजाजींची कंपनीतून टेक्ससला बदली झाली आणि मंडळी तिकडे गेली. व्हिसा झाला, सामान गेलं, घर मिळालं, लोणचं कस्टम्समधून सुटलं. सगळं झालं आणि गाडी येऊन थांबली कुठे, तर 'तीन पेंटा डोसच्या तारखा द्या' या एका ओळीवर. सॉफ्टवेअरवाल्यांना हा अनुभव नवा नाही. सगळं डिप्लॉय होतं, आणि एका मोकळ्या फील्डमुळे अख्खी रिलीज लटकते.

तर मंडळी, या वीकेंडचा लेख त्या एका मोकळ्या फील्डवर आहे. वाटतो तेवढा किरकोळ विषय नाही. निदान मला तरी आता वाटत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी

आधी हे झालं कसं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात अगदी असंच झालेलं असणार.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ताई सातव्या महिन्यात पुण्याहून धुळ्याला आली. छोटू जन्मला २० मार्च २०२०ला, देवपुरातल्या एका हॉस्पिटलात. पाचव्या दिवशी, २५ मार्चला, देशभर लॉकडाउन सुरू झाला. बारसं घरातल्या सहा माणसांत झालं. जिजाजींनी लेकाला पहिल्यांदा हातात घेतलं ते तो अडीच महिन्यांचा झाल्यावर.

जन्माच्या वेळच्या लशी हॉस्पिटलातच झाल्या. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-बची सुई. पुढच्या सहा आठवड्यांनी, म्हणजे १ मेच्या सुमाराला. तेव्हा देवपुरात काय अवस्था होती ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. पांझरेवरच्या पुलाच्या अलीकडचं शहर कुठलं आणि पलीकडचं कुठलं, बॅरिकेड कुठे, कंटेनमेंट झोन कुठला, रोज वेगळं. शेवटी मेच्या अखेरीस बाबा आणि ताई तोंडाला रुमाल बांधून, बाळाला दुपट्यात गुंडाळून गेले आणि पहिला पेंटा देऊन आले. दुसरा जूनमध्ये, तिसरा जुलैमध्ये. ऑगस्टमध्ये ई-पास वगैरे काढून ताई पुण्याला परतली. बाळाबरोबर डिंकाचे लाडू गेले, काजळाची डबी गेली, आजीने शिवलेल्या गोधड्या गेल्या. कार्ड गेलं नाही.

पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी नवी फाइल उघडली. छान गुळगुळीत, कव्हरवर ससा. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'प्रायमरी सीरीज डन अ‍ॅट नेटिव्ह प्लेस'. बस. तारीख नाही, लशीचं नाव नाही. त्यांना पुढे काय द्यायचं तेवढ्यापुरतं ते पुरेसं होतं. पाच वर्षं ते कुणालाच खटकलं नाही.

म्हणजे बघा, एक मूल, दोन शहरं, दोन नोंदी, आणि त्या दोघींची एकमेकींशी ओळख नाही. यात कुणी हलगर्जी केली असं मला वाटत नाही. आपल्याकडे नोंद जागेला चिकटलेली असते आणि मूल फिरत असतं. माहेरी जन्म, सासरी बालपण, नोकरीच्या गावी शाळा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं, वीटभट्टीवरची मुलं तर याहून जास्त फिरतात, आणि त्यांच्याकडे सशाचं कव्हर असलेली फाइलही नसते.

तिकडे काय धरतात, काय नाही

टेक्ससमध्ये बालवाडीत बसायलासुद्धा डीटीएपीचे ५, पोलिओचे ४, एमएमआरचे २, कावीळ-बचे ३, कावीळ-अचे २ आणि कांजण्यांचे २ डोस असावे लागतात. काही बाकी असतील तर प्रत्येकाचा निदान एक डोस झालेला असेल आणि पुढचे वेळेवर देणार असाल, तर तात्पुरता प्रवेश मिळतो. नियम सरळ आहे. भानगड असते ती आपली नोंद त्या नियमात बसवताना.

एक. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस आहे. गालगुंडाची त्यात नाही. तिकडे तिन्ही लागतात. म्हणजे सरकारी केंद्रात अगदी वेळेवर सगळं घेतलेलं मूलही तिथे 'अपूर्ण' ठरतं. कांजण्या आणि कावीळ-अ यांचंही तेच, आपण खाजगीत पैसे देऊन घेतले असतील तरच.

दोन. आपण गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतो, कारण आपल्याकडे गोवर लहान वयातच गाठतो. तिकडे पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस मोजत नाहीत. लस वाया गेली असं नव्हे. त्या वयात ती कमी मुलांत पक्की लागते, म्हणून हिशेबात धरत नाहीत.

तीन. पोलिओ. एप्रिल २०१६मध्ये भारताने, आणि तोंडाने थेंब देणाऱ्या बाकी जगानेही, तीन प्रकारच्या विषाणूंऐवजी दोनच प्रकारांवर चालणारे थेंब द्यायला सुरुवात केली, कारण दुसऱ्या प्रकारचा मूळ विषाणू जगातून गेला होता. त्यामुळे १ एप्रिल २०१६ आणि त्यानंतरचे थेंब अमेरिकेची सीडीसी तिकडच्या हिशेबात धरत नाही. बाबांनी छोटूला कडेवर घेऊन दर रविवारच्या मोहिमेत बूथवर नेलं, डाव्या करंगळीवर शाईची खूण करून आणली. तिकडच्या फॉर्ममध्ये त्याची किंमत शून्य. (बाबांना हे मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.)

चार, आणि ही खास आमच्या धंद्यातली. छोटूच्या पुण्याच्या फाइलीत एमएमआरची तारीख आहे ०२/०६/२०२१. म्हणजे २ जून, सव्वा वर्षाचा असताना. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी ती वाचली ६ फेब्रुवारी. तिकडे महिना आधी लिहितात ना! ६ फेब्रुवारीला छोटू साडेदहा महिन्यांचा होता. वाढदिवसाच्या आधीचा डोस, सबब अमान्य. त्याच पानावर जन्मतारीख २०/०३/२०२० होती. विसावा महिना कुठल्याच देशात नसतो, त्यामुळे ती बरोबर वाचली गेली. एकाच कागदावर एक तारीख सुलटी आणि एक उलटी! मी गेली अकरा वर्षं ज्या जातीचे बग सोडवून पोट भरतो, तो बग माझ्याच भाच्याच्या दंडात सुई बनून घुसणार होता.

कपाट

रविवारी सकाळी देवपूरला पोचलो. थंडी मस्त पडलेली. दत्तमंदिर चौकात उतरून चालत घरी. आईने भरताची वांगी आधीच भाजायला लावलेली. चहा होईपर्यंत मी कपाट उघडलं.

त्या कपाटात काय नव्हतं! माझी चौथीची स्कॉलरशिपची गुणपत्रिका, गॅसचं १९९४चं पुस्तक, बाबांची एसटीतली बदलीची ऑर्डर, बंद पडलेल्या पतपेढीची पावती, घरपट्टी, आणि एका पिशवीत आमच्या दोघांच्या जावळाची पुडी. शेजारच्या काकू दारातून डोकावल्या, "काय भो, सापडनं का नही?" नाही सापडलं म्हटल्यावर त्याही येऊन बसल्या. अर्ध्या तासात आमच्या गल्लीतल्या चार बायका आमच्या पलंगावर कागद वेगळे करत होत्या.

मी आईला विचारलं, "छोटूचा जन्म किती वाजताचा?"

"सकाळी सहा बेचाळीस," आई क्षणात. काकूंनाही पाठ होतं.

"आणि पहिला पेंटा कधी दिला?"

सगळ्या गप्प.

मला हसूही आलं आणि थोडं चरकायलाही झालं. आम्ही धुळ्याची माणसं. याच गावात इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचा श्वास घेतला, ३१ डिसेंबर १९२६ला. घराघरांतून, माळ्यांवरून, फडताळांतून मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं गोळा करण्यात त्या माणसाने आयुष्य घालवलं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ अजून धुळ्यात उभं आहे. पलीकडे समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांची बाडं जपून ठेवली आहेत. शेकडो वर्षांचा कागद जपणारं गाव, आणि घरातला पाच वर्षांचा कागद मिळेना.

पण मग आईलाच एकदम आठवलं. कपाट नाही, देव्हाऱ्याखालचा खण. तिथे छोटूची पत्रिका, हळदीकुंकू लावून, लाल कापडात. आणि पत्रिकेच्या आत घडी घातलेलं माता व बाल संरक्षण कार्ड. पत्रिका करायला गुरुजींना जन्मवेळ लेखी हवी होती, म्हणून आईने तेव्हा ते कार्ड दिलं होतं आणि ते पत्रिकेसोबतच परत आलं. म्हणजे जे वाचलं ते शनि-मंगळाच्या कृपेने वाचलं. विज्ञानवादी मंडळींनी राग मानू नये.

कार्डावर पहिल्या पेंटाला तारीख होती. तिसऱ्यालाही. दुसऱ्याच्या चौकोनात नुसती बरोबरची खूण. तारीख नाही.

एका सहीचा मोह

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर जिजाजी म्हणाले, "हे बघ, मी एक पाहिलंय. इथे 'रीझन्स ऑफ कॉन्शन्स' म्हणून सूट मिळते. फॉर्म डाउनलोड करायचा, सही करायची, नोटरी करायची, शाळेत द्यायचा. दोन वर्षं कुणी विचारत नाही. ऑफिसमधल्या एकाने तेच केलंय. लशी तर आपण दिल्यात ना सगळ्या? मग कागदासाठी पोराला परत टोचायचं कशाला?"

खरं सांगतो, मला पहिल्या क्षणी पटलं. मूल सुरक्षित आहे. नुसता कागद नाही. कागदाची अडचण कागदाने सोडवायची. मी स्वतः ऑफिसात असे कितीतरी 'वर्कअराउंड' केलेत.

पण 'कॉन्शन्स' हा शब्द डोक्यात अडकून बसला. मराठीत आपण त्याला सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. केवढा जड शब्द! त्याचा या प्रकरणात शिरकाव झाला त्यालाही इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १८५३पासून देवीची लस सक्तीची होती. लोकांनी जोरदार विरोध केला, दंड भरले, तुरुंगात गेले. शेवटी १८९८च्या कायद्याने सूट दिली, पण आईबापाला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन आपला विरोध मनापासूनचा आहे हे पटवून द्यावं लागे. १९०७मध्ये ते काढून नुसतं प्रतिज्ञापत्र पुरेसं केलं. ज्यांनी तुरुंग पाहिला त्यांच्यासाठी बनलेली ती पळवाट. मला त्यांची मतं पटत नाहीत, पण त्यांनी किंमत मोजली होती.

टेक्ससची गोष्टही अशीच उलटी फिरलेली. १९२२मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जो खटला निकालात काढून लशीशिवाय शाळेत न घेण्याचा शहराचा अधिकार मान्य केला, तो टेक्ससमधल्याच सॅन अँटोनियोचा. त्याच राज्याने २००३मध्ये सदसद्विवेकबुद्धीची सूट आणली. आधी फॉर्म ऑस्टिनहून मागवावा लागे, १ सप्टेंबर २०२५पासून तो थेट उतरवून घेता येतो.

आणि २०२५ हे साल तिथे काय घेऊन आलं होतं? जानेवारीत पश्चिम टेक्ससच्या गेन्स काउंटीत गोवर सुरू झाला. तिथल्या बालवाडीतल्या जेमतेम ८२ टक्के मुलांनी गोवराची लस घेतलेली होती. गोवर थोपवायला ९५ टक्के लागतात. १८ ऑगस्टला साथ संपल्याचं जाहीर झालं तोवर टेक्ससमध्ये ७६२ रुग्ण झाले आणि दोन शाळकरी मुलं गेली. दोघांनाही लस दिलेली नव्हती.

मी जिजाजींना म्हटलं, "तुम्ही सही केलीत तर छोटूला काही होणार नाही, मान्य. पण शाळेच्या तक्त्यात छोटू 'लस न घेतलेला' म्हणून जाईल. उद्या शाळेत गोवर निघाला आणि आरोग्य खात्याने आणीबाणी जाहीर केली, तर सूट घेतलेल्या मुलांना घरी बसवता येतं, त्या फॉर्मवरच तसं लिहिलंय. लस घेतलेला आपला पोरगा घरी बसेल. आणि वर्गात एखादं मूल कॅन्सरच्या औषधांवर असेल, ज्याला खरंच लस देता येत नाही, त्याचे आईबाप शाळेचा आकडा बघून घाबरतील. तो आकडा आपण खोटा करून ठेवलेला असेल."

"अरे, पण एका मुलाने काय फरक पडतो?"

"जिजाजी, तुमच्या ऑफिसातल्या त्यांनीही हेच म्हटलं असणार."

ते गप्प बसले. ताई मागून म्हणाली, "आणि खोटं कशाला लिहायचं? आपल्या कुठल्या बुद्धीला लस नको होती?"

मुद्दा संपला. ताई कमी बोलते, पण बोलते तेव्हा असं.

नकार सोपा, होकार कठीण

तरीही जिजाजींचा राग मला चुकीचा वाटत नाही, आणि या लेखाचं खरं म्हणणं इथेच आहे.

ज्याला लस द्यायचीच नाही, त्याला एक फॉर्म, एक सही, एक नोटरी. ज्याने साथीत, बंदोबस्तात, दुपट्यात गुंडाळून वेळेवर लस दिली, त्याला सहा कागद, दोन शहरं, एक देव्हारा आणि वर तारखेचा उलटा वाचलेला महिना. नाकारणाऱ्यापेक्षा पाळणाऱ्याचं काम अवघड करून ठेवलं की पाळणारेही हळूहळू नाकारणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतात. श्रद्धेने नव्हे, कंटाळ्याने. मला वाटतं सूट घेणाऱ्यांत असे कंटाळलेले बरेच असावेत, आणि त्यांच्याशी विज्ञानावर वाद घालून उपयोग नाही. त्यांचा कागद सोपा करायला हवा.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. बऱ्याच शाळा प्रवेशाच्या फाइलीत कार्डाची झेरॉक्स मागतात. झेरॉक्स लागते, फाइल बंद होते. त्यातले चौकोन भरलेत का रिकामे हे किती ठिकाणी कुणी बघतं? तिकडे तारीख नसली तर मूल दारात थांबतं, इकडे कार्ड कोरं असलं तरी मूल आत जातं. मला दोन्ही चूक वाटतात. मुलाला शाळेबाहेर ठेवू नये या मताचा मी आहे. सक्तीबद्दल आपल्या कोर्टांनीही जपूनच पावलं टाकलीत. जानेवारी २०१९मध्ये दिल्ली हायकोर्टाने शाळेतल्या गोवर-रुबेला मोहिमेत पालकांची संमती गृहीत धरता येणार नाही असं सांगितलं. २ मे २०२२ला सुप्रीम कोर्टाने कोविडच्या बाबतीत कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही असं म्हटलं, आणि त्याचबरोबर सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारला वाजवी निर्बंध घालता येतात असंही. ते ठीकच आहे. पण शाळेने रिकामा चौकोन पाहून आईला 'हा राहिलाय हो, या दिवशी अमुक ठिकाणी मिळेल' एवढं सांगायला कुठल्या कायद्याची गरज आहे?

आणि हे दूरचं नाही. पुण्याहून धुळ्याला येताना आपली गाडी मालेगावला थांबते ना, चहाला? देवपूरपासून साधारण पन्नास किलोमीटर. २०२२च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, भिवंडीला आणि याच मालेगावात गोवर पसरला होता. मुलं गेली. केंद्राला साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यायला सांगावं लागलं. रिकामा चौकोन म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

जमत नाही असंही नाही. २०२१मध्ये दंडाला कापूस लावून बाहेर पडेपर्यंत मोबाइलवर क्यूआर कोडवालं सर्टिफिकेट येत होतं. २१ ऑक्टोबर २०२१ला १०० कोटी डोस झाले, प्रत्येकाची तारीख, लशीचं नाव, बॅच, सगळं. पुढे पासपोर्ट नंबरही जोडता आला. मोठ्यांना विमानात बसायचं होतं, म्हणून आपण ते केलं. लहान मुलांसाठी तसंच यू-विन २९ ऑक्टोबर २०२४ला देशभर सुरू झालं. गरोदरपणापासून पुढची नोंद, कुठल्याही गावात लस घ्या, दाखला मोबाइलवर. छोटूच्या वेळी ते नव्हतं. पण आता आहे, तर वापरा. खाजगी डॉक्टरांनाही आग्रह करा. आपल्याकडच्या बऱ्याच शहरी मुलांची नोंद खाजगी फाइलींत आहे, आणि ती फाइल त्या डॉक्टरांबरोबर रिटायर होते.

शेवट काय झाला

सोमवारी मला ऑफिस होतं, मी निघून आलो. बाबा कार्ड घेऊन आरोग्य केंद्रावर गेले. पहिल्या दिवशी सिस्टर लसीकरणाच्या सत्राला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी २०२०ची रजिस्टरं कुठल्या खोलीत आहेत ते कळलं. तिसऱ्या दिवशी बाबा आणि सिस्टर दोघांनी मिळून धूळ झटकत ते पान काढलं. २५ जून २०२०, छोटूचं नाव, ताईचं नाव, पेंटा-२. कोविडच्या त्या दिवसांत, स्वतःच्या घरी पोरं असताना, कुणीतरी बाईने मास्क लावून ती ओळ निळ्या शाईने नीट लिहून ठेवली होती. कार्डावर राहिली, पण रजिस्टरात राहिली नाही. सिस्टरने शिक्क्यासह लेखी दाखला दिला. बाबांनी पैसे विचारले तर रागावल्या.

डीटीएपीचे सगळे डोस धरले गेले. एमएमआरची तारीख बाईंना नीट वाचून दाखवल्यावर तीही. पोलिओची इंजेक्शनं मात्र नव्याने सुरू झाली, आणि एकदोन इतर. छोटूने भोकाड पसरलं आणि मग आइसक्रीमवर तह झाला. समजा दाखला मिळाला नसता, तर? तर पुन्हा लस. काही आजारांसाठी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आहे का हेही बघता येतं. घेतलेली लस परत घेतल्याने सहसा अपाय होत नाही. दंड दोन दिवस दुखतो. खोट्या प्रतिज्ञापत्रापेक्षा दुखरा दंड बरा, असं माझं मत.

आमच्या आजीच्या दंडावर देवीचा मोठा वण होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो. तिला शाळा माहीत नव्हती, जन्मतारीख माहीत नव्हती, पण तो वण होता. १४ जून १८०२ला मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली, तिथपासून १९८०ला जगातून देवी गेल्याचं जाहीर होईपर्यंत तो वण हेच लोकांचं कार्ड. हरवत नसे, उलटं वाचलं जात नसे. आताच्या लशी वण ठेवत नाहीत (बीसीजी सोडून), म्हणून कागद नीट ठेवायची जबाबदारी आपल्यावर आली.

तर ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांच्यासाठी, अगदी फुकट सल्ला:

१. माहेरचं कार्ड बाळाबरोबर आणा. लाडवांच्या डब्यात ठेवा, म्हणजे विसरणार नाही.

२. प्रत्येक डोसला तारीख, लशीचं नाव आणि शिक्का आहे ना ते तिथेच, उठायच्या आधी बघा. नुसती बरोबरची खूण चालवून घेऊ नका.

३. तारखेत महिना अक्षरी लिहून घ्या. '२ जून २०२१'. जगात कुठेही कुणी तो उलटा वाचणार नाही.

४. दोन्हीकडच्या नोंदी एका कागदावर करून तुमच्या डॉक्टरांची सही घ्या. स्कॅन स्वतःला मेल करा.

५. राहिलेला डोस कळला तर लाजू नका, जाऊन घ्या. उशिरा घेतलेली लस न घेतलेल्यापेक्षा केव्हाही बरी.

माझी लेक आता आठ महिन्यांची आहे. तीही देवपूरचीच म्हणायची, कारण आमच्या सौ.चं माहेर वाडीभोकर रोडला. पुढच्या महिन्यात तिची गोवराची लस. काल मी तिचं कार्ड काढून पाहिलं. तीन चौकोनांत तारखा आहेत, एकात नुसती खूण.

शनिवारी देवपूरला जातोय.